ब्रेकपॉइंट लागतच नाही: व्हीएस कोडमधला जावा डीबगर कुठून कुठून तपासायचा

डीबगर म्हणजे प्रोग्राम मधेच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं टूल, आणि ब्रेकपॉइंट म्हणजे कोणत्या ओळीवर थांबायचं ती खूण. ब्रेकपॉइंट लावला, डीबग सुरू करायला एफ-५ दाबलं, आणि प्रोग्राम कुठंच न थांबता सरळ शेवटपर्यंत पळून गेला. हे पहिलं लक्षण आणि सगळ्यात जास्त दिसणारं. दुसरं म्हणजे ओळीसमोरचा लाल ठिपका डीबग सुरू होताच करडा, पोकळ होतो आणि तसाच राहतो. तिसरं जास्त घोळात टाकणारं, प्रोग्राम थांबतो पण भलत्याच ओळीवर, कधी कॉमेंटवर तर कधी मोकळ्या ओळीवर, आणि बाजूला व्हेरिएबल्समध्ये जे दिसतं त्याचा समोरच्या कोडशी काही मेळ बसत नाही. चौथं, कालपर्यंत चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये आज अचानक "कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास", म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तो क्लासच सापडत नाही. पाचवं, अर्धा मिनिट नुसतं गोल फिरत राहतं आणि मग टाइमआउट.

यातलं काही होऊन राहिलं असेल तर पुढं वाचा. मी व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर धरून लिहितोय कारण आमच्याकडं नागपुरात माझ्याजवळ येणारे बहुतेक जण त्यावरच जावा लिहितात, पण निओव्हिम किंवा ईमॅक्स अशा दुसऱ्या एडिटरमधून डीबग करत असाल तरी बरंचसं हेच लागू होतं, तिथंही बहुतेक सेटअपमध्ये खाली इंजिन हेच असतं.

मी दिवसभर मिहानमध्ये जावाचंच काम करतो आणि रविवारी सकाळी त्रिमूर्तीनगरला घरी ओळखीतली दोन-चार पोट्टी लॅपटॉप घेऊन येतात. "दादा, डीबगर चालून नाही राहिला" हे वाक्य ठरलेलं. आणि येण्याआधी प्रत्येकानं एक काम केलेलं असतं, व्हीएस कोड उडवून परत टाकलेला असतो, कोणी तर विंडोजसुद्धा परत टाकून येतो. त्यात अख्खी रात्र जाते आणि प्रॉब्लेम तिथंच असतो, कारण बिघाड एडिटरमध्ये नसतोच. इतक्या वेळा हे दुरुस्त केल्यावर मला एवढं पक्कं कळलंय की दहातल्या सात-आठ वेळा स्क्रीनवर दिसणारा कोड आणि प्रत्यक्षात पळणारा कोड हे दोन वेगळे असतात. खालच्या सगळ्या तपासण्या शेवटी हेच शोधायला आहेत.

म्हणून आत काय चालतं ते आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही एडिटरमध्ये ठिपका लावता. एडिटरला जावा येत नाही, तो ती गोष्ट मागं चालणाऱ्या लँग्वेज सर्व्हरला, म्हणजे जावा समजणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामला सांगतो, हा म्हणजे रेड हॅटच्या जावा एक्स्टेंशनमधला, मुळात एक्लिप्स या जुन्या एडिटरच्या जेडीटी नावाच्या जावा टूलवर बांधलेला. त्याच्याच पोटात मायक्रोसॉफ्टचा जावा डीबगर प्लगइन म्हणून बसतो. तो डीबगर मग तुमचा प्रोग्राम चालवणाऱ्या जेव्हीएमशी जेडीडब्ल्यूपी नावाच्या प्रोटोकॉलनं बोलतो. म्हणजे तुमच्या मशीनवर दोन जावा चालू असतात, एक सर्व्हरचा आणि एक तुमच्या प्रोग्रामचा. टर्मिनलमध्ये जेपीएस ही कमांड मारली की दोन्ही ओळीनं दिसतात. जेव्हीएमला तुमची जावा फाइल कधीच दिसत नाही हेही लक्षात ठेवा, तिच्याकडं फक्त क्लास फाइल असते, म्हणजे कंपाइल होऊन बनलेला बाइटकोड, आणि त्यात एक छोटा तक्ता, कोणता बाइटकोड कोणत्या लाइन नंबरचा. ब्रेकपॉइंट त्या नंबरावर लागतो, ओळीत काय लिहिलंय त्यावर नाही.

आधी फुकटातलं बघा, दोन मिनिटं लागतात

कोणतं बटन दाबलं? वरच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणी प्ले बटनावर कोड रनर नावाचं वेगळं एक्स्टेंशन बसलेलं असेल तर तो प्रोग्राम सरळ टर्मिनलमध्ये चालवतो, मधे डीबगर येतच नाही. कंट्रोल एफ-५ पण तसंच, ते "डीबगिंगशिवाय रन" आहे. नुसतं एफ-५ दाबा. इथंच निम्मी पोट्टी मोकळी होतात आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, दोन्ही बटनं खरंच सारखी दिसतात.

मग डाव्या बाजूच्या ब्रेकपॉइंट्सच्या यादीवर सगळे ब्रेकपॉइंट एकदम बंद करायचं एक बटन असतं, चुकून त्यावर क्लिक झालं की सगळे ठिपके करडे. खाली डाव्या कोपऱ्यात "रिस्ट्रिक्टेड मोड" लिहिलंय का बघा. २०२१ पासून व्हीएस कोड नवीन फोल्डरवर विश्वास ठेवायचा का ते विचारतो, तिथं नाही म्हटलं असेल तर डीबग बंदच राहतं.

ठिपका कोणत्या ओळीवर आहे तेही बघून घ्या. फक्त "इंट एक्स;" अशी घोषणा, कॉमेंट, नुसता उघडणारा कंस, अशा ओळींचा बाइटकोड बनतच नाही, तर थांबणार कुठं. आणि ब्रेकपॉइंटला "अमुक असेल तरच थांब" अशी कंडिशन लावलेली असेल तर ती एकदा काढून बघा, स्ट्रिंग दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासली असेल तर ती कंडिशन बहुतेक कधीच खरी होत नाही, तिथं इक्वल्स लागतं.

एक गोष्ट बिघाड नाही हेही सांगून ठेवतो. डीबग सुरू झाल्यावर ठिपका थोडा वेळ पोकळ दिसणं नॉर्मल आहे. जेव्हीएम क्लास लागेल तेव्हाच लोड करते, आणि क्लास लोड होईपर्यंत तो ब्रेकपॉइंट पक्का होत नाही. ज्या क्लासपर्यंत प्रोग्राम पोचलाच नाही त्याचा ठिपका शेवटपर्यंत पोकळ राहणार, मग प्रश्न डीबगरचा नाही, तुमचा प्रोग्राम तिकडं का गेला नाही हा आहे.

फोल्डर उघडलाय की नुसती फाइल

नुसती एक फाइल उघडली तर सर्व्हरला प्रोजेक्ट कळत नाही, कोणत्या जार, म्हणजे तयार लायब्ररीच्या फाइली लागतात, पॅकेजचं मूळ कुठं, काहीच नाही. मेव्हन आणि ग्रेडल ही कोड कंपाइल करून प्रोजेक्ट बिल्ड करणारी, म्हणजे चालवण्याजोगा बनवणारी टूलं. ज्या फोल्डरमध्ये मेव्हनची पॉम फाइल किंवा ग्रेडलची बिल्ड फाइल आहे तोच फोल्डर उघडा, त्याच्या वरचा नको आणि आतला सोर्सचा पण नको. मग खाली पट्टीवर "जावा: रेडी" येईपर्यंत थांबा. तिथं "लाइटवेट मोड" दिसत असेल तर त्यात डीबग होत नाही, त्यावर क्लिक करून स्टँडर्ड मोडला जा. मोठा प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडला की पाच-सात मिनिटं लागतात, त्यात मे महिन्यात दुपारी कूलरसमोर लॅपटॉप नसेल तर तो तापून स्वतःच स्लो होतो, तेव्हा घाई करू नका. अर्ध्यात एफ-५ दाबून मग एरर आली म्हणून वैतागणारे फार बघितलेत.

फोल्डरचं नावही बघा. "प्रोजेक्ट" असं देवनागरीत ठेवलं असेल, किंवा विंडोजचं यूजरनेमच मराठीत असेल, तर क्लासपाथ, म्हणजे क्लास कुठं शोधायचे त्या रस्त्यांची यादी, फसू शकते. आपल्याला आपली लिपी वापरता यायला पाहिजे हे खरंय, पण तोपर्यंत कोड सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाच्या, स्पेस नसलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. वनड्राइव्हच्या आतला डेस्कटॉप पण टाळा.

बिल्ड खरंच झालंय का, इथं जास्त वेळ द्या

दोन महिन्यांपूर्वी एक सेकंड इयरचा पोट्टा आला होता. फी काढायचा छोटा मेव्हन प्रोजेक्ट, त्यात सवलत ५० ची ६० केली होती. स्क्रीनवर ६० स्पष्ट दिसत होतं आणि चालवलं की उत्तर ५० चंच. ठिपका ३१ व्या ओळीवर, थांबत होता तिथंच, पण ३१ व्या ओळीवर आता नुसती कॉमेंट होती, कारण त्यानं वर चार ओळी वाढवल्या होत्या. तो म्हणे डीबगर खराब आहे. मी त्याला टार्गेट फोल्डर उघडायला लावला, आत क्लासेस, त्यात त्याची क्लास फाइल, आणि तिची वेळ बघायला सांगितली. आदल्या दिवशीची संध्याकाळ, सात वाजून काही मिनिटं. जावा फाइल आज सकाळी सेव्ह केलेली. पोट्टा दोन्हीकडं बघतच राहिला.

झालं काय होतं, रात्री त्यानं पॉममध्ये एक नवीन लायब्ररी टाकली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट होतं, डेटा संपला आणि जार अर्धवटच उतरली. बिल्ड पाथमध्येच, म्हणजे बिल्डला काय काय लागतं त्या यादीतच एरर असला की सर्व्हर बिल्ड करतच नाही, जुन्या क्लास फाइल तशाच पडून राहतात. एफ-५ दाबल्यावर "बिल्ड फेल झालं, पुढं जायचं का" असं विचारणारा छोटा डबा येतो, त्यानं सवयीनं कंटिन्यू केलं, आणि जेव्हीएमनं इमानदारीनं कालचा कोड चालवला.

म्हणून तो डबा आला की कंटिन्यू करू नका. प्रॉब्लेम्सची टॅब उघडा, लाल एरर सगळ्यात वरून वाचा, "बिल्ड पाथ" हे शब्द असलेला एरर आधी मिटवा, बाकीचे बरेच त्याच्यामुळंच आलेले असतात. अर्धवट उतरलेली जार असेल तर तुमच्या यूजर फोल्डरमधल्या डॉट एम-टू रिपॉझिटरीतून फक्त त्या लायब्ररीचा फोल्डर काढा आणि नीट नेटवर परत उतरवा. सगळी रिपॉझिटरी उडवू नका, शेकडो एमबी परत येतात.

याचाच दुसरा प्रकार ऑफिसमध्ये जास्त दिसतो. एडिटर उघडा असताना टर्मिनलमध्ये मेव्हन क्लीन मारलं. लँग्वेज सर्व्हर आणि मेव्हन दोघं त्याच टार्गेट फोल्डरमध्ये लिहितात, मेव्हननं क्लास उडवले, सर्व्हरला वाटतं मी तर कालच बनवलेत, काही बदललं नाही, आणि मग "मेन क्लास सापडत नाही". कमांड पॅलेटमध्ये, म्हणजे व्हीएस कोडच्या कमांड शोधायच्या पेटीत, "जावा: रीबिल्ड प्रोजेक्ट्स" चालवा, बहुतेकदा एवढ्यानं होतं.

रीबिल्डनं नाही झालं तर वर्कस्पेस साफ करा

कमांड पॅलेटमध्ये "जावा: क्लीन जावा लँग्वेज सर्व्हर वर्कस्पेस". सर्व्हर तुमच्या प्रोजेक्टबद्दलची स्वतःची वही वेगळ्या ठिकाणी ठेवतो, ही कमांड फक्त ती वही फाडून नवी लिहायला लावते, तुमच्या कोडला हात लागत नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. आपल्याकडं मे-जूनमध्ये संध्याकाळी वादळ आलं की लाईट जाते, डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर मशीन धाडकन बंद, आणि सर्व्हर तेव्हाच लिहीत असेल तर वही अर्धवट राहते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी "कालपर्यंत चालत होतं" म्हणणारा कोणी आला की मी इथूनच सुरुवात करतो. "नो डेलिगेट कमांड हँडलर" असा विचित्र एरर दिसला तरी हेच करा, त्याचा अर्थ डीबगरचा प्लगइन सर्व्हरमध्ये लोडच झालेला नाही.

कोणता जावा

टर्मिनलमध्ये जावा (प्रोग्राम चालवणारा) आणि जावासी (कंपाइल करणारा) दोघांची व्हर्जन विचारा. दोन वेगळे आकडे आले म्हणजे मशीनवर दोन जावा आहेत आणि पाथमध्ये भांडण आहे. जावासी सापडतच नसेल तर तुमच्याकडं बहुतेक फक्त जेआरई (नुसता चालवायचा जावा) आहे, कंपाइलरसकट पूर्ण जेडीके टाका. सर्व्हरला स्वतःला चालायला नवा जावा लागतो आणि तुमचा प्रोजेक्ट जावा ८ वर असू शकतो, यात काही विरोध नाही, सेटिंगमध्ये "जावा कॉन्फिगरेशन रनटाइम्स" मध्ये प्रोजेक्टचा जावा वेगळा सांगता येतो. सर्व्हरसाठी नवा लागतो म्हणून प्रोजेक्टच वर ओढू नका.

"अनसपोर्टेड क्लास व्हर्जन" असा एरर आला तर त्यातल्या आकड्यातून ४४ वजा करा. ५२ म्हणजे जावा ८, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. कोणत्या जावानं बनवलं आणि कोणता चालवून राहिला ते लगेच कळतं.

थांबतो बरोबर पण लोकल व्हेरिएबल्स दिसत नाहीत, असं असेल तर कंपाइल करताना डीबगची माहिती टाकलेली नाही. साध्या जावासीला "-जी" दिलं नाही तर तो लाइन नंबर टाकतो, लोकल व्हेरिएबल्सची नावं टाकत नाही. मेव्हन ती आपणहून टाकतो. अँट या जुन्या बिल्ड टूलच्या प्रोजेक्टमध्ये मात्र डीबग मुळातच ऑफ असतं, तिथं तर लाइन नंबरही नसतात. क्लास फाइलच्या आत बघायची कमांड म्हणजे जावापी, तिला "-एल" देऊन क्लास फाइल दाखवा, लाइन नंबरचा तक्ता आहे की नाही डोळ्यानं बघता येतं.

एकच क्लास दोन ठिकाणी

वरचं सगळं बरोबर असूनही भलत्या ओळीवर थांबत असेल तर तोच क्लास एखाद्या जुन्या जारमध्ये पण आहे का शोधा. लिब फोल्डरमध्ये कोणीतरी "फायनल" नावाची जार टाकून ठेवलेली असते. लाँच जेसनमध्ये, म्हणजे डीबग कसं सुरू करायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये, व्हीएम आर्ग्युमेंट म्हणून "-व्हर्बोस:क्लास" द्या, जेव्हीएम प्रत्येक क्लास कुठून उचलला ते छापते. त्या लांबलचक यादीत तुमच्या क्लासचं नाव शोधा, शेवटी रस्ता लिहिलेला असतो, टार्गेट फोल्डरचा की जारचा. एकदा ऑफिसमध्ये दोन जणांचा अख्खा दिवस गेला होता आणि या एका ओळीनं दहा मिनिटांत सुटलं.

लाँच जेसनमध्ये असतानाच मेन क्लासचं नाव पॅकेजसकट बरोबर आहे का आणि प्रोजेक्ट नेम दिलंय का बघा, अनेक मॉड्यूल असतील तर प्रोजेक्ट नेमशिवाय एक्स्प्रेशन तपासताना एरर येतो. आणि कीबोर्डवरून स्कॅनर क्लासनं इनपुट घेत असाल तर कन्सोल "इंटरनल" नको, "इंटिग्रेटेड टर्मिनल" ठेवा, इंटरनलमध्ये टाइप केलेलं प्रोग्रामपर्यंत पोचत नाही आणि वाटतं की अडकलाय.

आता अवघड भाग, चालू प्रोग्रामला अटॅच करणं

कधीकधी प्रोग्राम आधीच कुठंतरी चालू असतो आणि डीबगर त्याला एका पोर्टवरून, म्हणजे नंबर दिलेल्या दारातून, मागाहून जोडायचा असतो, त्यालाच अटॅच म्हणतात. पोर्ट बहुतेक जण ५००५ ठेवतात. जावा ९ पासून एक बदल झालाय आणि तो भल्याभल्यांना अडकवतो. आधी ॲड्रेसमध्ये नुसतं ५००५ लिहिलं की बाहेरच्या मशीनवरून पण जोडता यायचं, आता नुसतं ५००५ म्हणजे फक्त त्याच मशीनवरून. डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या बंद डब्यात चालवत असाल तर कंटेनरच्या बाहेरून जोडणी येते, म्हणून पुढं तारा आणि कोलन लावावं लागतं, आणि पोर्ट बाहेर काढावा लागतो. जावा ८ वर मात्र तो तारा चालत नाही, तिथं जुनंच लिहा.

मेव्हनवाल्यांनी हे लक्षात ठेवा, "मेव्हन डीबग" कमांड पोर्ट ८००० वर थांबते आणि ती मेव्हनला स्वतःला डीबग करते. टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये चालतात, त्यामुळं तुम्ही जोडले जाता, सगळं हिरवं दिसतं, आणि टेस्टमधला एकही ब्रेकपॉइंट लागत नाही. टेस्टसाठी शुअरफायरचा, म्हणजे मेव्हनच्या टेस्ट चालवणाऱ्या भागाचा डीबग ऑप्शन द्या, तो ५००५ वर तुमची वाट बघत थांबतो. ग्रेडलमध्ये "डीबग जेव्हीएम" हा ऑप्शन तेच काम करतो.

"ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" आलं तर जुना प्रोग्राम अजून जिवंत आहे. जेपीएस ला "-एल" देऊन यादी बघा. ज्या ओळीत "एक्विनॉक्स लाँचर" दिसतं तो लँग्वेज सर्व्हर, त्याला मारू नका, तुमच्या मेन क्लासच्या नावाची ओळ असेल तोच बंद करा.

राहिला टाइमआउट. एफ-५ नं लाँच करता तेव्हा ५००५ चा संबंध नसतो, डीबगर स्वतः एक रिकामा पोर्ट उघडून बसतो आणि तुमचा प्रोग्राम उलट त्याला येऊन जोडतो. ही जोडणी लोकलहोस्टवरच, म्हणजे तुमच्याच मशीनच्या आत होते, पण अँटिव्हायरस, व्हीपीएन किंवा होस्ट्स फाइलमधली कोणीतरी बदललेली ओळ तिला अडवू शकते. व्हीपीएन बंद करून एकदा बघा. टर्मिनल गिट बॅश असेल तर साधं पॉवरशेल लावून बघा.

इथं थांबा

लॅपटॉप कंपनीचा असेल तर अँटिव्हायरस आणि फायरवॉलला हात लावू नका, तुमच्या सिस्टिम ॲडमिनला सांगा, लोकलहोस्टची जोडणी अडतेय एवढं वाक्य पुरतं.

प्रॉडक्शनच्या, म्हणजे खरे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर डीबग पोर्ट उघडायचा विचार मनात आला तर तिथंच थांबा आणि सीनिअरला किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलवा. जेडीडब्ल्यूपीला पासवर्ड वगैरे काही नसतं, जो पोर्टपर्यंत पोचला तो तुमच्या प्रोग्राममध्ये पाहिजे तो कोड चालवू शकतो. शिवाय एका ब्रेकपॉइंटनं सगळे थ्रेड थांबले तर खरे ग्राहक अडकतात. घाईत कोणी "दोन मिनिटांसाठी उघड" म्हटलं तरी नाही म्हणा.

प्रोग्राम थांबायच्या ऐवजी जेव्हीएमच कोसळत असेल आणि फोल्डरमध्ये "एचएस एरर पीआयडी" ने सुरू होणारी फाइल तयार होत असेल, तर तो डीबगरचा प्रश्न राहिला नाही, ती फाइल जपून ठेवा आणि अनुभवी माणसाला दाखवा. वर्कस्पेस साफ केल्यावर दर दोन दिवसांनी परत बिघडतंय, कॉपी करताना फाइली वाचता येत नाहीत, असं असेल तर हार्ड डिस्क तपासून घ्या, नागपुरात बर्डीवर ओळखीचा हार्डवेअरवाला असेल त्याच्याकडं न्या, पण आधी कोडचा बॅकअप घेऊनच.

आणि यातलं काहीच नसेल तर एक्स्टेंशनच्या गिटहबवर इश्यू टाका. जावाची व्हर्जन, एक्स्टेंशनची व्हर्जन, लाँच जेसन, आणि कमांड पॅलेटमधून "ओपन जावा लँग्वेज सर्व्हर लॉग फाइल" नं उघडणारी लॉग, एवढं द्या. लॉगमध्ये फोल्डरचे पूर्ण रस्ते असतात, लाँच जेसनमध्ये कधीकधी डेटाबेसचा पासवर्ड पण, तो पाठवायच्या आधी काढून टाका.